फराळाचं पार्सल कुठवर आलं: पायथॉन आणि तयार लायब्ररी वापरून चार कुरिअरचं ट्रॅकिंग एका स्क्रीनवर

दिवाळीच्या आधीचे पाच-सहा आठवडे परदेशात फराळ पाठवणाऱ्या दुकानात फोनवर एकच प्रश्न असतो, पार्सल कुठवर आलं. गिऱ्हाईक पुण्यात, पार्सल न्यू जर्सीला लेकीकडे निघालेलं, आणि काउंटरवरचा माणूस चार टॅब उघडून बसलेला, एकात इंडिया पोस्ट, एकात डीएचएल, एकात फेडेक्स, एकात यूपीएस, प्रत्येकाची भाषा वेगळी, वेळा वेगळ्या, आणि मागे चकल्या पॅक करायच्या राहिलेल्या. अशा दुकानासाठी सगळं ट्रॅकिंग एका स्क्रीनवर कसं आणायचं ते या लेखात पायरीपायरीने सांगतोय. फराळाच्या जागी पुस्तकं, साड्या, मसाले, काहीही धरा, काम तेच आहे.

पायथॉन थोडंफार येत असेल, एपीआयला रिक्वेस्ट पाठवून जेसन वाचता येत असेल, एक छोटा डेटाबेस चालवता येत असेल तर एवढ्यावर भागतं. एक गोष्ट आधीच सांगतो, पुढे सगळीकडे ती लागणार आहे. लायब्ररी तुम्हाला कॅरियरशी (पार्सल पोचवणाऱ्या कंपनीशी) जोडून देते, पण "इन ट्रान्झिट" म्हणजे तुमच्या गिऱ्हाइकासाठी नेमकं काय हे तिला माहीत नसतं. ते ठरवायला वेळ द्या, कारण या कामातली खरी मेहनत तिथेच आहे.

(कोडमधली नावं मी इथे देवनागरीत लिहितोय, एडिटरमध्ये टाइप करताना ती नेहमीसारखी रोमनमध्येच टाका.)

पायरी १: नंबर जपून ठेवा, आणि टेक्स्ट म्हणूनच ठेवा

कोणी विचारलं की सुरुवात कुठून करू, तर मी एक्सेलपासून कर म्हणतो. दुकानात नंबर आधी एक्सेलमध्येच येतात आणि पहिलं नुकसान तिथेच होतं. एक्सेलला बारा अंकी नंबर दिसला की तो त्याला आकडा समजतो आणि ३.९२ई+११ असं काहीतरी दाखवायला लागतो. त्याहून वाईट म्हणजे एक्सेल फक्त १५ अंकांपर्यंतच अचूक राहतं, पुढचे अंक शून्य करून टाकतं. अमेरिकन पोस्टाचा म्हणजे यूएसपीएसचा देशांतर्गत नंबर बहुतेक वेळा २२ अंकी असतो, म्हणजे एकदा आकडा म्हणून सेव्ह झाला की शेवटचे सात अंक गेलेच, ते कुठूनही परत येत नाहीत. सुरुवातीला शून्य असेल तर तेही गळतं. म्हणून कॉलमचा फॉरमॅट आधी टेक्स्ट करा आणि नंतरच नंबर पेस्ट करा. फाईल पायथॉनमध्ये पांडाज वापरून वाचत असाल तर तिथेही त्या कॉलमचा प्रकार स्ट्रिंग असा सांगा. डेटाबेसमध्येही टेक्स्ट कॉलमच ठेवा, इंटिजर नको.

नंबरच्या शेजारी आणखी तीन गोष्टी बुकिंगच्या वेळीच लिहून ठेवा: कॅरियर कोणता, पार्सल कोणत्या तारखेला दिलं, कोणत्या देशात चाललंय. कॅरियर कोणता ते काउंटरवरच्या माणसाला त्या क्षणी माहीत असतं, उद्या नसतं. तारीख का, तर नंबर कायमचे नसतात. आंतरराष्ट्रीय पोस्टाच्या नियमात एक नंबर किमान १२ महिने परत वापरायचा नाही एवढंच बंधन आहे, नंतर तो फिरून येऊ शकतो, फेडेक्सकडेही जुने नंबर परत वापरात येतात. तारीख नसली तर कधीतरी दुसऱ्याच कुणाचं जुनं पार्सल "डिलिव्हर्ड" म्हणून तुमच्या स्क्रीनवर दिसेल.

पायरी २: नंबर धुऊन घ्या

गिऱ्हाईक नंबर व्हॉट्सॲपवरून कॉपी करून देतं, त्यात स्पेस येतात, मधेच डॅश येतात, कधीकधी डोळ्यांना न दिसणारी शून्य रुंदीची अक्षरंही येतात. ती सगळी काढून टाका, अक्षरं कॅपिटल करा.

आता आपल्या लोकांसाठी खास गोष्ट, इंग्रजी गाइडमध्ये ही सहसा मिळणार नाही. बऱ्याच जणांच्या फोनचा कीबोर्ड मराठी असतो, त्यामुळे नंबर देवनागरी अंकांत येतो. पायथॉनचं इझडिजिट हे फंक्शन देवनागरी अंकांनाही "हो, अंक आहे" म्हणतं, रेगेक्समधला (नमुना जुळवायच्या कोडमधला) अंकाचा छोटा कोड (बॅकस्लॅश डी) त्यांना मॅच करतो, इंट तर त्यांचा बरोबर आकडाही करून देतं. म्हणजे तुमच्या तपासणीतून नंबर झोकात पास होतो आणि कॅरियरकडे गेल्यावर "असा नंबर नाही" असं उत्तर येतं, आणि तुम्ही तासभर एपीआय की चुकली का ते बघत बसता, कारण स्क्रीनवर नंबर अगदी बरोबर दिसत असतो. युनिकोडचं एनएफकेसी नॉर्मलायझेशन (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एकसारखी करणं) यावर उपाय असेल असं वाटतं, पण ते देवनागरी अंक बदलत नाही. सरळ ट्रान्सलेट वापरून दहा अंकांची जोडी लावा आणि रेगेक्सला अॅस्की फ्लॅग द्या, म्हणजे तो फक्त इंग्रजी अंकच मानेल, विषय संपला.

ओ अक्षर आणि शून्य, आय अक्षर आणि एक यांचाही गोंधळ होतो. ते मात्र डोळे झाकून बदलू नका, कारण यूपीएसच्या नंबरात खरी अक्षरं मधे असतात. आधी चेक डिजिट (नंबरातला तपासणीचा अंक, पुढच्या पायरीत येतोय) बघा, चुकला तरच अदलाबदल करून परत तपासा, आणि बदल माणसाला दाखवून मगच सेव्ह करा.

पायरी ३: चेक डिजिट, म्हणजे फोन करायच्या आधीची चाळणी

हा भाग मला फार आवडतो आणि लोक तो सोडून देतात. जवळपास प्रत्येक मोठ्या कॅरियरच्या नंबरात एक तपासणीचा अंक असतो, तो जुळला नाही तर एपीआयला विचारायचीच गरज नाही, नंबर चुकीचा टाइप झालाय.

स्पीड पोस्ट घ्या. नंबर दिसतो असा: ईई १२३४५६७८५ आयएन. हा जागतिक पोस्ट संघटनेचा एस-१० नावाचा साचा आहे, ही संघटना १८७४ साली बर्नमध्ये स्थापन झाली आणि देशोदेशीची पोस्टं आंतरराष्ट्रीय टपालासाठी हाच साचा वापरतात. पहिली दोन अक्षरं सेवा सांगतात, मग आठ अंकांचा अनुक्रमांक, नववा अंक तपासणीचा, शेवटची दोन अक्षरं देशाची. पहिलं अक्षर ई असेल तर ईएमएस म्हणजे स्पीड पोस्ट, आर असेल तर रजिस्टर्ड, सी असेल तर पार्सल. यू असेल तर ते साधं टपाल आहे, त्याचं पूर्ण ट्रॅकिंग मिळेल अशी आशा गिऱ्हाइकाला दाखवू नका.

तपासणीचा हिशोब हातानेच करून बघा म्हणजे कोड लिहिताना चूक होणार नाही. आठ अंकांना क्रमाने ८, ६, ४, २, ३, ५, ९, ७ यांनी गुणा. १२३४५६७८ साठी गुणाकार येतात ८, १२, १२, ८, १५, ३०, ६३, ५६. बेरीज २०४. तिला ११ ने भागा, बाकी उरते ६. ११ मधून ६ गेले ५, हाच तपासणीचा अंक, वरच्या नंबरात शेवटी ५ आहे, जुळलं. उत्तर १० आलं तर ० धरायचा आणि ११ आलं तर ५ धरायचा, हे दोन अपवाद कोडमध्ये विसरले की दर अकरा नंबरांमागे साधारण दोन चांगले नंबर नाकारले जातात, आणि असा बग सापडायला वेळ लागतो कारण बाकीचे सगळे नीट चालत असतात.

डीएचएल एक्सप्रेसचा नंबर १० अंकी असतो, पहिल्या नऊ अंकांच्या आकड्याला ७ ने भागून जी बाकी उरते तोच दहावा अंक. १२३४५६७८९ ला ७ ने भागलं की बाकी १, म्हणून १२३४५६७८९१ हा साच्यात बसतो. पण थांबा, दहा अंकी म्हणजे आपला मोबाईल नंबरही दहा अंकीच की. काउंटरवर घाईत मोबाईल नंबर ट्रॅकिंगच्या रकान्यात पडतो, आणि पहिल्या नऊ अंकांना शेवटचा एकच अंक जुळतो, म्हणजे दहातला एखादा मोबाईल नंबर डीएचएलची तपासणी पास करून जाणार. त्यासाठी त्याच ऑर्डरमधल्या फोन नंबरशी तुलना करून ताबडतोब इशारा द्या.

यूपीएसचा नंबर ओळखायला सगळ्यात सोपा, सुरुवात "१ झेड" आणि एकूण १८ अक्षरं-अंक. फेडेक्सचे नंबर बहुधा १२ किंवा १५ अंकी, आणि इथेच अडचण आहे, १२ अंकी नंबर भारतातल्या देशांतर्गत कुरिअरचाही असू शकतो. म्हणून नंबरावरून कॅरियर ओळखणं हा दुसरा पर्याय ठेवा. बुकिंगला लिहिलेला कॅरियर पहिला, ओळख फक्त जुन्या फायलींसाठी आणि गिऱ्हाइकाने नुसता नंबर पाठवला तर.

हे सगळे नियम स्वतः लिहायची गरज नाही. "ट्रॅकिंग नंबर" नावाची रुबीतली एक ओपन सोर्स लायब्ररी आहे, तिचा डेटा वेगळ्या जेसन फायलींमध्ये ठेवलाय, त्यात प्रत्येक कॅरियरचा रेगेक्स, तपासणीची रीत आणि टेस्टसाठी बरोबर आणि चुकीचे नंबर असं सगळं आहे. पायथॉनमधून त्या फायली वाचून वापरता येतात. एक-दोन प्रकार हाताने लिहून समजून घ्या, बाकी तिथून घ्या.

पायरी ४: लायब्ररी निवडणं

आता मुख्य निवड. प्रत्येक कॅरियरच्या एपीआयला थेट जोडायचं, का मधल्या एखाद्या सेवेची लायब्ररी घ्यायची?

छोट्या दुकानासाठी माझं मत स्पष्ट आहे, मधली सेवा घ्या. थेट जोडणी एकदा करून भागत नाही, ती सांभाळावी लागते. यूपीएसने जुन्या ॲक्सेस की बंद करून २०२४ मध्ये सगळ्यांना ओऑथ या टोकनच्या लॉगिन पद्धतीवर यायला लावलं, फेडेक्सनेही एपीआयच्या जुन्या सोप पद्धतीवरून नव्या रेस्ट पद्धतीवर आणलं, तिथे टोकन तासाभरात संपतं आणि परत घ्यावं लागतं. असा बदल दिवाळीच्या तोंडावर आला तर दुकानाचं ट्रॅकिंग बंद. मधल्या सेवेची लायब्ररी असेल तर ही डोकेदुखी त्यांची.

ईझीपोस्टची पायथॉन लायब्ररी चांगली आहे, डॉक्युमेंटेशन नीट आहे, यूपीएस, फेडेक्स, यूएसपीएस, डीएचएल हे सगळे एकाच पद्धतीने वापरता येतात. इंडिया पोस्टसाठी आफ्टरशिप किंवा सेव्हन्टीन ट्रॅक बघा, दोघांकडे जगभरच्या पोस्टांचा आवाका मोठा आहे. सगळं स्वतःच्या सर्व्हरवर ठेवायचं असेल तर कॅरिओ नावाचा ओपन सोर्स प्रकल्प आहे, तोही पायथॉनमधलाच, पण तिथे कॅरियरची खाती तुमची लागतात आणि सर्व्हर सांभाळायचं काम येतं. नेटवर जुन्या लेखांत शॉपिफायच्या "ॲक्टिव्ह शिपिंग" या रुबी लायब्ररीचं नाव हमखास दिसतं, तिची देखभाल थांबलीय, नवीन कामाला घेऊ नका. कोणतीही लायब्ररी घेताना गिटहबवर शेवटचा बदल कधीचा आणि उघड्या तक्रारींना कोणी उत्तर देतंय का एवढं बघाच.

या सेवा फुकट नसतात, प्रत्येक ट्रॅकरमागे किंवा महिन्याच्या प्लॅनवर पैसे असतात, दरपत्रक बघून सीझनचा हिशोब करा. आणि इंडिया पोस्टच्या वेबसाइटवर स्क्रिप्ट मारून कॅप्चा चुकवायच्या भानगडीत पडू नका, ते नियमाला धरून नाही आणि पेज बदललं की कोडही मेला.

मी या लेखात दोन सेवा धरतोय, ईझीपोस्ट खासगी कॅरियरसाठी आणि सेव्हन्टीन ट्रॅक पोस्टासाठी. दोन आहेत म्हणून मधे स्वतःचा एक पातळ थर लागतो. एक क्लास करा, "ट्रॅक-स्रोत" म्हणू, त्यात दोनच मेथड: "नोंदव" आणि "आण". प्रत्येक सेवेसाठी हा क्लास वेगळा भरायचा. बाकी सगळा ॲप फक्त या दोन मेथड ओळखतो, उद्या सेवा बदलली तर एकच फाईल बदलते.

पायरी ५: पहिला कॉल

पिप वापरून ईझीपोस्टची लायब्ररी टाका. खातं उघडल्यावर दोन एपीआय की मिळतात, टेस्टची ईझेडटीके ने सुरू होते, खरी ईझेडएके ने. दोन्ही एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये ठेवा, कोडमध्ये नाही, गिटमध्ये तर अजिबात नाही.

मग कीवरून क्लायंट बनवा आणि क्लायंटच्या ट्रॅकरवर क्रिएट मेथड बोलवा, तिला ट्रॅकिंग कोड आणि कॅरियर द्या. कॅरियर दिला नाही तर ती अंदाज करते, पण आपल्याकडे माहिती आहे तर द्याच. टेस्ट मोडमध्ये ठरावीक नंबरच चालतात: ईझेड १००००००००१ दिला की प्री-ट्रान्झिट, ईझेड २००००००००२ इन ट्रान्झिट, ३ वाला आउट फॉर डिलिव्हरी, ४ वाला डिलिव्हर्ड, ५ वाला रिटर्न टू सेंडर, ६ वाला फेल्युअर. ही सगळी टेस्ट फायलीत घालून ठेवा, नंतर प्रत्येक बदलाला चालवता येतात आणि खरं पार्सल पाठवायची वाट बघावी लागत नाही.

उत्तरात स्टेटस, स्टेटस डिटेल, अंदाजे डिलिव्हरीची तारीख आणि ट्रॅकिंग डिटेल्स नावाची यादी येते. या यादीतल्या प्रत्येक नोंदीत मेसेज, वेळ, ठिकाण. काही रकाने रिकामे येणारच, अंदाजे तारीख तर बऱ्याचदा नसते, तेव्हा प्रत्येक रकाना नन असू शकतो असं धरूनच कोड लिहा. पार्सल आज बुक केलं आणि लगेच विचारलं तर "अननोन" येईल, याचा अर्थ नंबर खोटा असा नाही, पहिला स्कॅन अजून कॅरियरच्या सिस्टीममध्ये चढलेला नाही एवढाच.

सेव्हन्टीन ट्रॅकची रीत थोडी वेगळी: आधी नंबर रजिस्टर करायचे, मग माहिती मागायची, एका कॉलमध्ये ४० पर्यंत नंबर जातात. हेडरमध्ये त्यांचं टोकन द्यावं लागतं. "नोंदव" आणि "आण" अशा दोन मेथड का म्हटल्या ते आता कळलं असेल.

आणि एक कामाची युक्ती. स्पीड पोस्टाचं पार्सल अमेरिकेत पोचलं की पुढे ते यूएसपीएस पोचवतं आणि नंबर तोच राहतो, आयएन ने संपणारा. म्हणजे तोच नंबर यूएसपीएसकडेही विचारता येतो. पार्सल तिकडे उतरल्यावर दोन्हीकडे विचारा आणि नोंदी एकत्र करा, तिकडच्या शेवटच्या टप्प्याची माहिती यूएसपीएसकडे सहसा आधी आणि जास्त तपशिलात दिसते.

पायरी ६: स्वतःची स्टेटस ठरवा

इथे जास्त वेळ द्या. प्रत्येक सेवेची स्टेटसची यादी वेगळी आहे, ती तशीच स्क्रीनवर टाकली तर दुकानदाराला काही कळत नाही. मी ही ठेवतो: बुक झालं, वाटेत, कस्टम्समध्ये, डिलिव्हरीला निघालं, प्रयत्न फसला, घेऊन जायला ठेवलंय, पोचलं, परत फिरलं, परत आलं, माणसाने बघायला हवं. प्रत्येक सेवेच्या स्टेटसवरून या यादीवर नेणारी एक डिक्शनरी करा. डिक्शनरीत नसलेलं काही आलं तर ते "माणसाने बघायला हवं" मध्ये पडू दे आणि लॉगमध्ये लिहा, गुपचूप "वाटेत" करू नका.

पोस्टाच्या बाबतीत आतली घडामोड समजून घेतली तर फार फायदा होतो. सगळ्या देशांची पोस्टं एकमेकांना ठरलेल्या कोडमध्ये घटना कळवतात. ईएमए म्हणजे बुकिंग, ईएमबी म्हणजे आपल्या देशातल्या एक्स्चेंज ऑफिसात (परदेशी टपालाची देवघेव होते तिथे) आलं, ईएमसी म्हणजे तिथून निघालं, ईएमडी म्हणजे समोरच्या देशाच्या एक्स्चेंज ऑफिसात उतरलं, ईएमई म्हणजे कस्टम्सने धरलं, ईएमएफ त्या एक्स्चेंज ऑफिसातून सुटलं, ईएमजी डिलिव्हरी ऑफिसात आलं, ईएमएच प्रयत्न झाला पण दिलं नाही, ईएमआय पोचलं. वेबसाइटवर तुम्हाला या कोडची इंग्रजी वाक्यं दिसतात.

यात ईएमसी आणि ईएमडी यांच्या मधल्या जागेकडे नीट बघा. मुंबईहून टपालाची बॅग निघाल्याची नोंद होते आणि ती पुढच्या देशात उघडून स्कॅन होईपर्यंत मधे काहीही येत नाही. बॅग विमानाची जागा मिळेपर्यंत थांबते, कधी तिसऱ्या देशातून जाते, पण तुमच्या नंबराला स्कॅन नाही. सीझनमध्ये ही शांतता बरीच लांबते आणि सगळ्यात जास्त घाबरलेले फोन याच काळात येतात. म्हणून शेवटची घटना ईएमसी असेल तर नुसतं "वाटेत" लिहू नका. "भारतातून निघालं, पुढची नोंद तिकडे उतरल्यावर येईल" असं लिहा, या एका वाक्याने फोन कमी होतात.

कस्टम्सचंही तसंच. अमेरिकेत विक्रीचा खाद्यपदार्थ पाठवताना तिथल्या एफडीएला (अन्न आणि औषधांवर देखरेख करणाऱ्या सरकारी खात्याला) आधी कळवावं लागतं, त्याला प्रायर नोटीस म्हणतात, कागद अपुरे असले की पार्सल थांबतं. हे स्टेटस आलं की आधी दुकानदाराला सांगा, कारण काहीतरी करायचंय ते त्याला, गिऱ्हाइकाला नंतर.

आणि सर्वात धोक्याचं स्टेटस म्हणजे "डिलिव्हर्ड". पार्सल न स्वीकारता परत फिरलं, आरटीओ (रिटर्न टू ओरिजिन, म्हणजे पाठवणाऱ्याकडे परत) झालं, आणि पाठवणाऱ्याच्या दारात परत आलं की कॅरियर त्यालाही डिलिव्हर्ड म्हणतो, कारण त्याच्या हिशोबाने ते दिलंच. तुमचा कोड लगेच गिऱ्हाइकाला "अभिनंदन, फराळ पोचला" पाठवणार आणि लाडू मात्र तुमच्याच दुकानात. नियम असा ठेवा: आधीच्या घटनांमध्ये कुठेही परत फिरल्याची नोंद असेल तर नंतरचं डिलिव्हर्ड हे "परत आलं" समजायचं. शिवाय शेवटच्या घटनेचा देश किंवा पिनकोड गंतव्याशी जुळतो का ते बघायचं, न जुळल्यास माणसाकडे.

पायरी ७: घटना कच्च्या साठवा

दोन टेबल पुरतात, एक पार्सलचं, एक घटनांचं. घटनांच्या टेबलात आलेला मजकूर जसाच्या तसा ठेवा, तुमचं स्टेटस वेगळ्या रकान्यात. उद्या डिक्शनरी सुधारली तर जुन्या सगळ्या घटनांवर परत चालवता येते, नाहीतर मूळ माहितीच हरवलेली असते.

तीच घटना परत परत येते, म्हणून नंबर, वेळ, ठिकाण आणि मजकूर यांचा मिळून हॅश (मजकुरावरून निघणारी ठरावीक खूण) काढा, त्यावर युनिक इंडेक्स लावा, डुप्लिकेट आपोआप गळेल. दोन स्रोतांकडून एकच घटना वेगळ्या शब्दांत आली तर हा हॅश जुळणार नाही, तेवढं चालवून घ्या, दाखवताना जवळच्या वेळेच्या नोंदी एकत्र करा.

वेळेचं काळजीने करा. बरेच कॅरियर स्कॅनची वेळ त्या गावच्या घड्याळाची देतात आणि टाइम झोन लिहीत नाहीत. मुंबई, मग डीएचएलचं लाइपझिग, मग अमेरिका असा प्रवास असेल तर नुसत्या वेळेवर क्रम लावला की पार्सल आधी उतरलं आणि मग निघालं असं दिसू शकतं. झोन माहीत असेल तर यूटीसी या एकाच जागतिक वेळेत बदला, नसेल तर मूळ वेळ ठेवून "झोन नाही" अशी खूण करा, आणि तुमच्याकडे ती घटना कधी आली ती वेळही साठवा. क्रमासाठी कॅरियरने ज्या क्रमाने यादी दिली तो क्रम बऱ्याचदा वेळेपेक्षा जास्त भरवशाचा असतो.

पायरी ८: वेबहुक, आणि जोडीला थोडं पोलिंग

पोलिंग म्हणजे आपणहून विचारत राहणं. दर पाच मिनिटांनी प्रत्येक पार्सलचं विचारत बसलात तर कोटा संपेल. ईझीपोस्ट आणि सेव्हन्टीन ट्रॅक दोघेही काही बदललं की तुमच्या यूआरएलवर स्वतःहून कळवतात, तोच वेबहुक. फ्लास्क किंवा फास्ट-एपीआयमध्ये एक छोटा एंडपॉइंट करा.

त्यात तीन गोष्टी पाळा. एक, सही तपासा. ईझीपोस्ट हेडरमध्ये एचमॅक सही (गुप्त कीवरून काढलेली खूण) पाठवतं आणि लायब्ररीत ती तपासायचं फंक्शन तयार आहे, पण त्याला आलेली बॉडी कच्ची, बाइट्समध्ये द्या, जेसन करून परत स्ट्रिंग केलीत तर एखाद्या स्पेसने सही जुळणार नाही. दोन, आलेलं रांगेत टाकून लगेच २०० (म्हणजे "मिळालं") परत द्या, डेटाबेसचं आणि मेसेजचं काम नंतर, कारण उत्तर उशिरा गेलं तर समोरचा परत पाठवतो. तीन, एकच सूचना दोनदा येईल, क्रम उलटा येईल, हे धरून चाला, हॅश आणि क्रमाचं काम आपण वर केलंयच.

वेबहुक कधीकधी हरवतात, सर्व्हर बंद असतो, सर्टिफिकेट संपलेलं असतं. म्हणून न पोचलेल्या पार्सलांवरून रोज एक फेरी मारणारं क्रॉन जॉब ठेवा. डिलिव्हरीला निघालेल्यांसाठी ते तासातासाने चालवलं तर बरं, तेही तिकडच्या दिवसाच्या वेळेत, न्यू जर्सीच्या मध्यरात्री विचारून उपयोग नाही. पोचलेल्यांना यादीतून काढा. ४२९ (म्हणजे "फार रिक्वेस्ट झाल्या") आलं तर रिट्राय-आफ्टर हेडरमध्ये सांगितलेला वेळ थांबा, तो नसेल तर दरवेळी दुप्पट थांबत जा आणि त्यात थोडा रँडम फरक ठेवा, नाहीतर सगळ्या रिक्वेस्ट परत एकाच क्षणी जाऊन आदळतात.

पायरी ९: गिऱ्हाइकाला काय आणि कधी सांगायचं

प्रत्येक स्कॅनला मेसेज नको. भारतातून निघालं, तिकडे उतरलं, डिलिव्हरीला निघालं, पोचलं, एवढे चार पुरे, आणि प्रयत्न फसला तर ताबडतोब एक, कारण तेव्हा घरच्यांना काहीतरी करता येतं. एसएमएस पाठवणार असाल तर भारतात टेम्पलेट आधी डीएलटीवर (टेलिकॉम कंपन्यांच्या नोंदणी-व्यवस्थेवर) नोंदवावं लागतं, त्याला वेळ लागतो, सीझनच्या आधीच करून ठेवा.

पोस्टाच्या नावाने "तुमचा पत्ता अपुरा आहे, इथे क्लिक करा" असे खोटे मेसेज सर्रास फिरतात, केंद्र सरकारच्या पीआयबी फॅक्ट चेकनेही त्याबद्दल सावध केलंय. म्हणून तुमच्या मेसेजमध्ये दुकानाचं नाव, पार्सलचा नंबर आणि फक्त तुमच्या स्वतःच्या डोमेनची लिंक असू दे, छोटी केलेली लिंक नको, आणि ट्रॅकिंगच्या मेसेजमधून पैसे कधीही मागू नका. त्या लिंकच्या पेजवर पूर्ण पत्ता दाखवू नका, गाव आणि स्टेटस पुरे. लिंकमध्ये ट्रॅकिंग नंबर न घालता लांब रँडम कोड घाला, पोस्टाचे नंबर ओळीने असतात, त्यामुळे पुढचा नंबर कोणीही टाकून बघू शकतं.

मजकूर मराठीत लिहा, मात्र ट्रॅकिंग नंबर रोमन अक्षरांत आणि इंग्रजी अंकांत, म्हणजे आजीने तो कॉपी करून नातवाला पाठवला तरी चालेल.

पायरी १०: गप्प बसलेली पार्सलं

स्टेटस बदललं तर सांगणारा कोड सगळेच लिहितात. बराच वेळ काहीच बदललं नाही हे सांगणारा फार थोडे लिहितात, आणि हरवलेलं पार्सल नेमकं तिथेच असतं. रोज सकाळी एक यादी काढा: शेवटच्या घटनेला किती दिवस झाले. मर्यादा कॅरियर आणि टप्पा बघून ठेवा, डीएचएल किंवा फेडेक्स दोन दिवस गप्प असेल तर मी विचारतो, पोस्टाचं ईएमसीनंतर आठ-दहा दिवस शांत राहिलं तरी सीझनमध्ये थांबतो, पण बुकिंगनंतर तीन दिवसांत पहिली हालचाल नसेल तर लगेच ऑफिसात फोन. हे माझे अंदाज आहेत, एक सीझन गेला की तुमच्याकडे तुमच्याच घटनांचा डेटा असेल, त्यातून प्रत्येक मार्गाला दहातली नऊ पार्सलं किती दिवसांत पुढच्या टप्प्यावर जातात ते काढा आणि तोच आकडा मर्यादा म्हणून लावा.

त्या यादीतल्या प्रत्येक पार्सलासमोर "कोणी, कधी, कोणाशी बोललं" एवढी एक नोंद लिहायची सोय ठेवा. कॅरियरकडे तक्रार करायला प्रत्येकाची मुदत वेगळी असते, ती बुकिंगच्या तारखेपासून मोजून स्क्रीनवर दाखवा, कारण मुदत गेली की नुकसानभरपाईचा दावा ऐकून घेतला जात नाही. कच्च्या घटना तोपर्यंत जपा. दाव्याची मुदत संपली की सही करणाऱ्याचं नाव, पत्ता, फोन हे रकाने पुसून टाका. मार्ग, टप्पा आणि वेळा मात्र राहू द्या, पुढच्या दिवाळीच्या मर्यादा त्यातूनच निघणार आहेत.